आकड्याचे मूळ विचारले पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यांतून हवेत, पाण्यात आणि जमिनीत जाणाऱ्या विषारी रसायनांचे वार्षिक आकडे जाहीर झाले की वृत्तपत्रांत त्यांच्या बातम्या येतात. कोणता कारखाना यादीत पहिला, कोणता दुसरा, गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के घट झाली, असा त्या बातम्यांचा साचा ठरून गेला आहे. मी नोकरीची बरीच वर्षे एका रासायनिक कारखान्याच्या पर्यावरण विभागात हेच आकडे तयार करण्यात घालवली. त्यामुळे अशी बातमी वाचताना माझी नजर आकड्याच्या शेजारी काय छापायचे राहिले आहे, हे शोधू लागते. तो आकडा यंत्राने मोजला होता की हिशेबाने काढला होता, आणि काढला असेल तर कशावरून, याचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये असे आपण म्हणतो. विषारी रसायनाच्या आकड्याचे मूळ मात्र विचारलेच पाहिजे आणि ते विचारण्याची सोय जाहीर नोंदीतच असली पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे. विषय तांत्रिक असल्यामुळे पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

या जाहीर नोंदींची सुरुवात एका भयंकर रात्रीतून झाली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मरण पावली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८५ मध्ये, त्याच कंपनीच्या अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या इन्स्टिट्यूट येथील कारखान्यात गळती झाली आणि शंभरावर लोकांना उपचार घ्यावे लागले. भिंतीपलीकडे कोणती रसायने साठवली आहेत आणि त्यांतली किती आपल्या हवेत येतात, हे शेजारी राहणाऱ्या माणसाला कळलेच पाहिजे, ही मागणी त्यानंतर कोणालाच टाळता आली नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी कायदा झाला आणि ‘टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी’ म्हणजे विषारी रसायनांच्या उत्सर्जनाची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. कारखान्यांनी १९८७ या वर्षाचे आकडे १ जुलै १९८८ पर्यंत कळवले आणि १९८९ मध्ये ते लोकांसमोर आले. कॅनडाने १९९३ च्या वर्षापासून, जपानने १९९९ च्या कायद्यानुसार २००१ च्या आकड्यांपासून आणि युरोपीय संघाने आजच्या स्वरूपात २००७ च्या आकड्यांपासून अशाच नोंदी ठेवल्या. २००३ मध्ये कीव येथे यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आला.

या सगळ्या व्यवस्थांमागची कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. या नोंदी ‘अमुक किलोपेक्षा जास्त सोडू नका’ असे सांगत नाहीत. ‘जे सोडता ते चारचौघांत सांगा’ एवढेच त्या म्हणतात, आणि लाजेची, चौकशीची, भागधारकांच्या प्रश्नांची ताकद पुढचे काम करते. पहिले आकडे बाहेर पडण्याच्या सुमारास अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने आपले हवेतील विषारी उत्सर्जन नव्वद टक्क्यांनी कमी करण्याची जाहीर हमी दिली होती, हे या ताकदीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. पण ज्या व्यवस्थेचा सगळा भार आकड्यावर आहे, तिथे आकडाच पोकळ असेल तर खाली काहीच उरत नाही. म्हणून आकड्यांच्या दर्जाचा प्रश्न मला या विषयाच्या कडेचा वाटत नाही. तो मधोमध आहे.

सर्वसामान्य वाचकाला बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, हे आकडे कारखाना स्वतःच काढतो आणि स्वतःच कळवतो, आणि त्यासाठी प्रत्यक्ष मोजमाप करण्याचे बंधन त्याच्यावर नसते. अमेरिकेच्या कायद्यातच म्हटले आहे की, हाताशी मोजमापे असतील तर ती वापरावीत आणि नसतील तर वाजवी अंदाज करावा. केवळ या नोंदीसाठी नवे मोजमाप करावे लागणार नाही. त्यामुळे एकाच तक्त्यात एकाखाली एक छापलेल्या दोन आकड्यांपैकी एक चिमणीत वर्षभर बसवलेल्या यंत्राचा असू शकतो आणि दुसरा एखाद्या जुन्या पुस्तकातल्या सरासरी गुणांकाला, म्हणजे दर टनामागे सुटणाऱ्या प्रदूषकाच्या ठरावीक आकड्याला, वर्षाच्या उत्पादनाने गुणून आलेला असू शकतो. दोन्ही किलोमध्येच लिहिले जातात, दोन्ही सारख्याच ठसठशीत दिसतात. अमेरिकेच्या अर्जात यासाठी एक छोटा रकाना आहे आणि त्यात अंदाजाचा आधार संकेताक्षराने लिहावा लागतो: सततचे मोजमाप, अधूनमधूनचे मोजमाप, मास बॅलन्स, प्रसिद्ध गुणांक, त्या कारखान्यापुरता काढलेला गुणांक किंवा इतर अभियांत्रिकी हिशेब. माझ्या मते त्या अर्जातला हा सर्वांत महत्त्वाचा रकाना आहे आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही तोच आहे.

यांपैकी मास बॅलन्स म्हणजे काय ते थोडे जवळून दाखवतो, कारण ऐकायला ही पद्धत सर्वांत निर्दोष वाटते. जे आत आले त्यातून जे ठाऊक वाटांनी बाहेर गेले ते वजा करायचे. उरले ते हवेत गेले असे धरायचे. उदाहरणादाखल एक कारखाना घेऊ, ज्यात टोल्युईन हे द्रावक वापरले जाते. वर्षाच्या सुरुवातीला टाकीत १८ टन होते, वर्षभरात ४१२ टन आले आणि अखेरीस २१ टन शिल्लक होते, म्हणजे वापर ४०९ टन. वापरलेल्यापैकी ३७१ टन टाकाऊ द्रावक म्हणून बाहेर शुद्धीकरणाला पाठवले आणि २ टन सांडपाण्यात गेले. राहिले ३६ टन, तेच हवेतले उत्सर्जन. हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे, पण ग्यानबाची मेख वेगळीच आहे. हा ३६ चा आकडा दोन फार मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आला आहे. येणाऱ्या टँकरच्या वजनात एक टक्का आणि जाणाऱ्या टाकाऊ द्रावकाच्या वजनात एक टक्का चूक असली, आणि दोन्ही चुका उलट दिशांनी झाल्या, तर जवळजवळ आठ टनांचा फरक पडतो. म्हणजे खरे उत्सर्जन २८ ते ४४ टनांत कुठेही असू शकते. एक टक्का ही वजनकाट्याच्या दृष्टीने फार मोठी चूक नव्हे. आता पुढच्या वर्षी याच कारखान्याने ३१ टन कळवले, तर ती घट समजायची की वजनकाट्याची चूक? नुसत्या आकड्यावरून हे ठरवता येत नाही, आणि तरीही ‘उत्सर्जनात चौदा टक्के घट’ अशी बातमी छापता येते.

यात मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे टाकाऊ द्रावक दोनशे लिटरच्या ड्रममधून बाहेर जात असे. रजिस्टरमध्ये ड्रमची संख्या लिहिलेली असे आणि आम्ही प्रत्येक ड्रम भरलेला, म्हणजे साधारण १७४ किलो टोल्युईन, असे धरून गुणाकार करत असू. एका वर्षी एका नव्या सहकाऱ्याने सहज विचारले की, ड्रम काठोकाठ भरतात का? आम्ही काही ड्रम उघडून पाहिले. वर हातभर जागा मोकळी ठेवलेली होती, आणि ती ठेवावीच लागते, कारण उन्हात द्रावक फुगते. तळाशी चिखलासारखा गाळ होता, काहींत पाणीही होते. म्हणजे जे टोल्युईन ‘ड्रममधून सुरक्षित बाहेर गेले’ असे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत होतो, त्यातले बरेच ड्रममध्ये नव्हतेच. ते कारखान्याच्या छतावरच्या व्हेंटमधून, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळ्यांतून, आणि मिक्सरच्या उघड्या झाकणांतून आधीच हवेत गेले होते. कोणी खोटे बोलले नव्हते. रजिस्टर नियमित भरलेले होते, सह्या जागच्या जागी होत्या, गुणाकार बरोबर होता. चूक होती ती गुणाकाराच्या आधी, आम्ही गृहीत धरलेल्या एका वाक्यात, आणि ते वाक्य आम्ही कळवलेल्या अर्जात कुठेच दिसत नव्हते.

गुणांकांची कथा याहून मोठी आहे. एखाद्या प्रकारच्या बॉयलरमधून, भट्टीतून किंवा साठवणटाकीतून दर टनामागे सरासरी किती प्रदूषक निघते याचे गुणांक अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने संकलित केले आहेत आणि ते जगभर वापरले जातात. त्या संस्थेने प्रत्येक गुणांकाला विश्वासार्हतेप्रमाणे ए ते ई अशी श्रेणीही दिली आहे आणि हे गुणांक सरासरी असल्यामुळे एखाद्या विशिष्ट कारखान्यासाठी ते वापरताना सावध राहावे, असेही स्पष्ट बजावले आहे. पण गुणांक अर्जापर्यंत पोहोचतो तोपर्यंत ती श्रेणी मागे गळून पडलेली असते. खालच्या श्रेणीच्या गुणांकावरून काढलेला आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत लिहून पाठवलेला मी पाहिला आहे. दशांश जितके जास्त तितका विश्वास जास्त, असा वाचणाऱ्याचा समज होतो. अंदाजाचे आकडे दोनच सार्थ अंकांपर्यंत लिहावेत ही शिस्त म्हणूनच मला आवडते. तेवढ्यापुरता तरी आकडा आपल्या ऐपतीत राहतो.

गृहीतक थोडे सरकले की निष्कर्ष किती सरकतो, याचे एक मोजलेले उदाहरण आहे. तेल आणि वायू क्षेत्रात नको असलेला वायू उंच नळीच्या टोकाशी जाळून टाकतात, त्याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअर नीट जळत असेल तर ९८ टक्के वायू नष्ट होतो असे हिशेबात धरण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील तीन तेल-वायू क्षेत्रांवर विमानातून केलेली मोजमापे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. जळायचे थांबलेले फ्लेअरही धरले तर प्रत्यक्षात सुमारे ९१ टक्केच मिथेन नष्ट होत होता, असे त्यांत आढळले. ९८ आणि ९१ हे आकडे शेजारी ठेवले तर फरक किरकोळ वाटतो. पण हवेत जातो तो न जळलेला भाग, आणि तो २ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेला, म्हणजे साडेचार पट झाला. मिथेन या विषारी रसायनांच्या यादीत नाही हे मला ठाऊक आहे, परंतु जिथे जिथे ‘नष्ट होण्याचे प्रमाण’ गृहीत धरून बेंझीनसारख्या पदार्थांचे उत्सर्जन काढले जाते, तिथे तिथे हेच गणित लागू पडते. त्याआधी २००० च्या उन्हाळ्यात ह्यूस्टन परिसरात विमानातून केलेल्या मोजमापांतही इथिलीन आणि प्रोपिलीन यांचे हवेतील प्रमाण कारखान्यांच्या नोंदींवरून अपेक्षित असलेल्यापेक्षा कितीतरी पट अधिक निघाले होते.

सांडपाण्याच्या बाबतीत एक शब्द फार घात करतो, तो म्हणजे ‘आढळले नाही’. प्रयोगशाळेच्या अहवालात हे शब्द दिसले की अर्जात शून्य लिहिण्याचा मोह होतो. पण ‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. त्या यंत्राला ज्या पातळीच्या खाली दिसत नाही, त्या पातळीच्या खाली ते आहे, एवढाच त्याचा अर्थ. दररोज हजार घनमीटर सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याचे वर्षाचे पाणी ३ लाख ६५ हजार घनमीटर होते. प्रयोगशाळेची दिसण्याची मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम असेल, तर ‘आढळले नाही’ या शब्दांआड वर्षाला ३६५ किलोपर्यंत रसायन दडू शकते. तीच मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम असेल तर जास्तीत जास्त साडेतीन-पावणेचार किलो. रसायन तिथे असण्याचे सबळ कारण असेल तर मर्यादेच्या निम्मा आकडा धरावा, असे अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून एक विचित्र परिस्थितीही उद्भवते: ज्याने चांगली प्रयोगशाळा निवडली त्याचा आकडा लहान येतो आणि ज्याने ढोबळ पद्धत वापरून मर्यादेचा निम्मा प्रामाणिकपणे धरला त्याचा मोठा येतो, तर ज्याने सरळ शून्य लिहिले तो सर्वांत स्वच्छ ठरतो. अहवालातली मर्यादा आकड्यासोबत जाहीर झाली तरच या तिघांना वेगळे ओळखता येईल.

काही चुका रसायनशास्त्राच्या असतात आणि त्या प्रामाणिक माणसाकडूनही होतात. नायट्रिक आम्लाचे सांडपाणी सोडण्यापूर्वी कॉस्टिकने उदासीन केले की आम्ल संपते, म्हणून ‘नायट्रिक आम्ल: शून्य’ असे लिहिले जाते. ते खरेही असते. पण त्याच क्षणी टाकीत सोडियम नायट्रेट तयार झालेले असते आणि पाण्यात विरघळणारी नायट्रेट संयुगे यादीत स्वतंत्रपणे आहेत. एक किलो आम्लामागे जवळजवळ तेवढेच, सुमारे ९८४ ग्रॅम नायट्रेट पाण्यातून बाहेर जाते. त्यातही संयुगाचे पूर्ण वजन न लिहिता फक्त नायट्रेटचे वजन लिहायचे असते, आणि धातूंच्या संयुगांत फक्त धातूचे. एकाने नियम पाळला आणि दुसऱ्याने संयुगाचे पूर्ण वजन लिहिले, तर तक्त्यात दुसरा उगाचच अधिक प्रदूषक दिसतो. किलोऐवजी पौंड लिहिणे, हवेचा आकडा पाण्याच्या ओळीत जाणे, कारखान्याचे अक्षांश-रेखांश चुकून तो नकाशावर भलतीकडेच दिसणे, या चुका त्यामानाने सोप्या. संगणकाने त्या पकडल्याच पाहिजेत.

आता ‘घट’ या शब्दाबद्दल. नोंदवहीत कोणाचे नाव येते आणि कोणाचे येत नाही, हे उंबरठ्यांवर ठरते. अमेरिकेत बहुतेक रसायनांसाठी वर्षाला २५,००० पौंड तयार केले किंवा प्रक्रियेत वापरले, अथवा १०,००० पौंड अन्य प्रकारे वापरले, तरच कळवावे लागते. शिसे आणि पारा यांसारख्या साठून राहणाऱ्या पदार्थांसाठी उंबरठा खूप खाली आहे, शिशासाठी १०० पौंड आणि पाऱ्यासाठी १०. एखाद्या कारखान्याचा वापर २५,१०० वरून २४,९०० वर आला, तर त्याचे सगळेच उत्सर्जन नोंदवहीतून नाहीसे होते, चिमणीतून मात्र नाही. यादीही बदलत असते. १९९५ मध्ये तिच्यात एकदम २८६ रसायनांची भर पडली, तर १९९८ पासून खाणी आणि वीजकेंद्रे तिच्या कक्षेत आली, आणि धातूच्या खाणींचे प्रचंड दगड-माती उपसणे हे जमिनीवरील ‘उत्सर्जन’ म्हणून मोजले जाऊ लागल्यामुळे एकूण बेरीज पार बदलून गेली. अलास्कातली एक जस्त-शिशाची खाण यादीत वर्षानुवर्षे अग्रस्थानी दिसते ती यामुळे. पीफॅस या निसर्गात सहजी न मोडणाऱ्या फ्लोरिनयुक्त कुटुंबातील रसायने २०२० च्या वर्षापासून यादीत आली, पण मिश्रणातील अल्प प्रमाणाला मिळणारी सूट त्यांनाही लागू होती. ती काढून टाकणारा नियम २०२३ मध्ये आला आणि २०२४ च्या आकड्यांपासून लागू झाला. अशा वेळी दोन वर्षांच्या बेरजा शेजारी ठेवून टक्केवारी काढणे म्हणजे दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे आहे. तुलना करायचीच असेल तर दोन्ही वर्षांत यादीत असलेली तीच रसायने आणि तेच उद्योग घेऊन करावी.

मग या आकड्यांचा ताळा कोण आणि कसा पाहतो? नियामक संस्था काहीच करत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. अर्ज भरतानाच संगणक विसंगती दाखवतो, गेल्या वर्षीपेक्षा फार मोठा फरक असेल तर विचारणा होते, त्याच कारखान्याने हवा आणि पाणी यांच्या वेगळ्या परवान्यांखाली दिलेल्या माहितीशी आकडे ताडले जातात. कीवच्या करारात तर आकडे पूर्ण आहेत का, एकमेकांशी सुसंगत आहेत का आणि विश्वासार्ह आहेत का, हे तपासण्याची जबाबदारी नियामकावर स्पष्टपणे टाकली आहे. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ताळा अगदी साधा आहे: पाठवणाऱ्याने ‘अमुक टन कचरा तमुक केंद्राकडे पाठवला’ असे लिहिले असेल, तर त्या केंद्राने तेवढाच आला असे लिहिले आहे का ते पाहणे. आमच्या ड्रमची गोष्ट अशा ताळ्यात पहिल्याच वर्षी उघडी पडली असती, कारण शुद्धीकरण केंद्रात प्रत्येक ड्रमचे वजन होत होते. दोन कागद दोन कपाटांत होते, एवढेच.

आकड्यांच्या ढिगावरून संशयाची जागा शोधण्याचे मार्गही आहेत. नैसर्गिकपणे जमलेल्या आणि लहानमोठ्या अनेक पटींत पसरलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्के आणि ९ असण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. याला बेनफर्डचा नियम म्हणतात. ड्यूक विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००६ मध्ये हा नियम अमेरिकेच्या नोंदवहीला लावून पाहिला आणि कारखान्यांनी कळवलेली घट त्या परिसरातील हवा मोजणाऱ्या यंत्रांतही दिसते का, हेही तपासले. कळवलेली मोठी घट दरवेळी हवेत दिसत नव्हती, आणि शिसे व नायट्रिक आम्ल या दोन कडक नियंत्रणाखालील पदार्थांचे आकडे अपेक्षित नमुन्यात बसत नव्हते. अशा तपासणीने कोणी दोषी ठरत नाही, ठरवूही नये. पण निरीक्षकाने आधी कुठे जावे हे त्यावरून नक्कीच ठरवता येते.

एक कबुली द्यायला हवी. एका वर्षी कामाच्या गडबडीत आमच्या तक्त्यातला एक आकडा बदलायचा राहिला आणि आधीच्या वर्षीचा आकडा जसाच्या तसा, मागील पानावरून पुढे चालू, असा गेला. त्या वर्षी उत्पादन बरेच वाढले होते. उत्सर्जन मात्र किलोला किलो तेवढेच. ही चूक माझ्या लक्षात आली ती पुढच्या वर्षीचा अर्ज भरताना. मधल्या काळात वरिष्ठ अधिकाऱ्याची सही झाली, आकडा जाहीर झाला आणि कोणीही एक प्रश्न विचारला नाही. आम्ही दुरुस्ती कळवली. पण त्या वर्षभरात कारखान्याच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या ज्या कोणी तो आकडा पाहिला असेल, त्याच्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचली असेल असे मला वाटत नाही. हे आजही मनाला लागून राहिले आहे. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, आकडा वाढला तरच विचारणा करणारी तपासणी अर्धवट आहे. आकडा हलला नाही तर जास्त विचारणा झाली पाहिजे.

यावर उद्योगांकडून येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. प्रत्येक व्हेंटवर मोजमापाचे यंत्र बसवणे परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. पाचपन्नास किलोच्या गळतीसाठी चांगला हिशेब पुरतो. शिवाय जो कारखाना प्रामाणिकपणे अधिक मोजतो त्याचा आकडा अनेकदा वाढतो, कारण पूर्वी न दिसलेल्या फ्लँज, व्हॉल्व्ह आणि पंपांच्या सीलमधील गळत्या मोजमापात येतात, आणि मग बातमीत त्याचीच बदनामी होते. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यात दोष वाचणाऱ्यांचा, म्हणजे आपलाही आहे. पद्धत आकड्यासोबत छापली गेली, तर ‘वाढ झाली’ आणि ‘मोजणी सुधारली’ यांतला फरक लोकांना दिसेल आणि मोजणाऱ्याला शिक्षा होणे थांबेल. आकडे ठेवण्याचे ओझे कमी करावे म्हणून सवलती वाढवण्याकडे मात्र मी साशंकतेने पाहतो. अमेरिकेत २००६ च्या अखेरीस अनेक कारखान्यांना सविस्तर अर्जाऐवजी, ज्यात उत्सर्जनाचे आकडेच नसतात असा छोटा अर्ज भरण्याची मुभा वाढवण्यात आली होती. २००९ मध्ये संसदेने ती मागे घ्यायला लावली, ते बरेच झाले.

नोंदवही ठेवणाऱ्या कोणत्याही संस्थेकडे माझी मागणी म्हणून अशी आहे. प्रत्येक आकड्याशेजारी तो काढण्याची पद्धत, गुणांक असल्यास त्याची श्रेणी, प्रयोगशाळेचा असल्यास दिसण्याची मर्यादा आणि संभाव्य चुकीचा पल्ला जाहीर व्हावा. शून्य, रिकामी जागा आणि ‘उंबरठ्याखाली’ या तीन गोष्टी तक्त्यात वेगवेगळ्या दिसाव्यात. पद्धत बदलली तर ज्या वर्षी बदलली त्या वर्षावर खूण असावी आणि शक्य असेल तिथे मागचे आकडेही नव्या पद्धतीने काढून द्यावेत. दुरुस्त केलेला आकडा जुना पुसून गुपचूप बसवू नये. दोन्ही आकडे, तारखा आणि कारण दिसावे. ज्या हिशेबावरून आकडा काढला ते कागद अमेरिकेत तीन वर्षे जपावे लागतात, ती मुदत मला अपुरी वाटते, कारण चुकीचे गृहीतक बरेचदा त्याहून उशिरा लक्षात येते. आणि निरीक्षकाने कारखान्यात जाऊन फाइल पाहण्याबरोबरच एखादा ड्रम उघडून पाहावा.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. यापुढे अशा आकड्यांचा तक्ता छापाल तेव्हा कारखाना, रसायन आणि किलो या तीन रकान्यांशेजारी ‘कसा काढला’ हा चौथा रकाना असू द्यावा. माहिती मिळाली नाही तर तिथे ‘सांगितले नाही’ असे छापावे. पुढच्या वर्षी तो रकाना भरून यावा म्हणून कारखान्यांचे आणि नियामकांचे फोन आपल्याकडे येतील, असा माझा विश्वास आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पर्यावरण अधिकारी